दीड दिवसाचा ऑफ : क्रू रोस्टरिंग विभागांना खुले पत्र

प्रति,
क्रू प्लॅनिंग, रोस्टरिंग आणि क्रू कंट्रोल विभाग,
भारतातील सर्व विमान कंपन्या

विषय : घरापासून दूर बेस असलेल्या केबिन क्रूच्या रोस्टरबाबत

महोदय, महोदया,

पगार, लेओव्हरचा (परगावच्या मुक्कामाचा) भत्ता, हॉटेलचा नाश्ता यांतलं काहीही या पत्रात नाही. त्यासाठीचे अर्ज तुमच्याकडे आधीच पडून आहेत. हे पत्र तुमच्या स्क्रीनवर न दिसणाऱ्या एका गोष्टीबद्दल आहे. ज्याचा बेस, म्हणजे जिथून ड्युटी सुरू होते तो विमानतळ, एका गावात आणि माणूस दुसऱ्या गावात, त्याचा संसार तुम्ही काढलेल्या रोस्टरवर, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकावर चालतो. नवरा पुण्यात आणि बायको मुंबई बेसला. बायको नागपुरात आणि नवरा दिल्लीला. ठरलेलं लग्न सांगलीत आणि मुलगी बंगळूरला. दोघंही क्रू, पण दोन वेगळ्या कंपन्यांत. अशी घरं आमच्यात थोडीथोडकी नाहीत.

बाहेरच्यांना वाटतं, लांब राहिल्यामुळे नाती विरतात. लांब राहायची सवय होते हो. सवय होत नाही ती सरकणाऱ्या तारखेची. मर्चंट नेव्हीतला माणूस चार-सहा महिने बोटीवर असतो, पण तो साधारण कधी उतरणार हे घरी माहीत असतं आणि त्या हिशेबाने घर चालतं. आमचं माणूस दीडशे किलोमीटरवर असतं आणि परवा भेटणार की नाही, हे दोघांपैकी कुणालाच सांगता येत नाही. हे बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे, म्हणून पत्र तुम्हाला.

एकेकाळी हा प्रश्न नियमानेच मिटवून टाकला होता. एअर इंडियात एअर होस्टेसने पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी जाई. पहिल्या गरोदरपणातही जाई. नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, पण चार वर्षांची लग्नबंदी वाजवी ठरवून कायम ठेवली. आता लग्नाला कुणी अडवत नाही. लग्नानंतर एकमेकांच्या वाट्याला किती तास येतात, एवढंच काय ते पाहायचं राहिलं आहे.

सुरुवात अगदी बारीक गोष्टीपासून करतो. रोस्टर झुलू वेळेत, म्हणजे ग्रीनिचच्या (यूटीसी) वेळेत, छापू नका. छापायचंच असेल तर शेजारी भारतीय वेळ द्या. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे आहे, म्हणजे १८:३० नंतरची प्रत्येक झुलू वेळ आपल्याकडे दुसऱ्या तारखेची असते. रोस्टरवर ‘१४ तारीख, रिपोर्टिंग १९:३०’ असं दिसतं. आम्हाला ते वाचताक्षणी कळतं. घरी पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ते चौदाला संध्याकाळी साडेसात दिसतं. प्रत्यक्षात रिपोर्टिंग असतं पंधराच्या रात्री एक वाजता. पिकअप साधारण बारा वाजता, त्याआधी तयारीला तास-सव्वा तास, आणि रात्रभर उभं राहायचं म्हणून दुपारी चार ते साडेनऊ झोप. म्हणजे ज्या चौदा तारखेवर रोस्टरमध्ये संध्याकाळपर्यंत काहीच दिसत नाही, ती दुपारी चारलाच संपलेली असते. पंधराला सकाळी परत येऊन झोपलेलं माणूस दुपारी तीनला उठतं, तेव्हा पंधराही गेलेली असते. घरच्यांच्या लेखी एक ड्युटी, प्रत्यक्षात गेले दोन दिवस. ‘चौदाला मोकळी होतीस ना, मग फोन का उचलला नाहीस?’ या भांडणाचं मूळ बऱ्याचदा या रकान्यात असतं.

त्यामुळे रोस्टरच्या घरी पाठवायच्या प्रतीवर चारच रकाने हवेत : स्थानिक तारीख, पिकअपची वेळ, ड्युटी संपण्याची अंदाजे वेळ, मुक्कामाचं शहर. पेअरिंग (एकत्र बांधलेल्या उड्डाणांचा संच) क्रमांक, विमानाचा प्रकार, पोझिशन यांचा घरच्यांना काडीचा उपयोग नाही. आज प्रत्येक जण हे हाताने करतो. महिन्याचं रोस्टर आलं की अर्धा तास बसून फोनच्या कॅलेंडरमध्ये एकेक ड्युटी भरायची, आणि तीही रिपोर्टिंगपासून नव्हे तर झोपेपासून. ज्यांनी हे अजून सुरू केलं नसेल त्यांनी या महिन्यापासून करावं. तीन रंग पुरतात : पक्की ड्युटी, स्टँडबाय (बोलावणं आलं तर जायला तयार राहणं), ऑफ. आणि झोपेचा चौकोन ड्युटीच्याच रंगात भरावा, नाहीतर तो मोकळा वेळ समजला जातो.

आता मुद्द्याचं, म्हणजे ऑफ.

साप्ताहिक विश्रांती म्हणजे किमान ३६ तास आणि त्यांत दोन स्थानिक रात्री, हे सूत्र आपल्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. छत्तीस तास म्हणजे दीड दिवस. तुमचा ऑफ आणि आमच्या घरचा गणपती, दोन्ही दीड दिवसाचे. फरक इतकाच की गणपती येतो तेव्हा घरच्यांना त्याची तिथी वर्षभर आधी माहीत असते.

हे दीड दिवस कागदावर नियमात बसतात. ते एकदा उलगडून बघा. मंगळवारी रात्री ११ ला ड्युटी संपली, गुरुवारी सकाळी ११ ला रिपोर्टिंग. छत्तीस तास भरले, दोन रात्री भरल्या, सॉफ्टवेअरने हिरवा दिवा दिला. मरोळच्या खोलीवर पोचायला सव्वाबारा. मेकअप काढणं, केस सोडवणं, जेवणं, अंगातली धावपळ उतरणं यात दोन वाजतात. इतक्या वर्षांच्या सवयीनंतरही त्याआधी डोळा लागत नाही. साडेनऊला उठून साडेदहाला पुण्याकडे निघालं तर घाट धरून दोन-अडीच वाजतात. जोडीदार हिंजवडीत कामाला असेल तर घरी येईपर्यंत साडेसात. गुरुवारी ११ च्या रिपोर्टिंगसाठी पुण्याहून पहाटे पाचला निघावं लागतं, म्हणजे चारला उठायचं, म्हणजे रात्री दहाला झोपायचं. साडेसात ते दहा. छत्तीस तासांतून दोन माणसांच्या हाती अडीच तास लागले, आणि त्यांतला एक स्वयंपाक-जेवणात गेला. दोघांतलं एक माणूस जेवताना पेंगत असतं, हा हिशेब वेगळाच.

आता तोच ऑफ दुसऱ्या जागी ठेवा. मंगळवारी पहाटेची ड्युटी, दुपारी १ ला सुटका. गुरुवारी संध्याकाळी ५ ला रिपोर्टिंग. दोन्हीकडे रोस्टरवर एकच ऑफ दिसतो, बुधवार. पण इथे हातात ५२ तास आहेत. अडीचला निघून साडेसहाला पुणे. मंगळवारची संध्याकाळ, बुधवार सबंध, गुरुवारी सकाळी अकरापर्यंत निवांत. दोन रात्री घरी, दोन संध्याकाळी एकत्र. या बदलाला एकही जास्तीचा क्रू लागत नाही. लवकर संपणाऱ्या ड्युटी तुमच्याकडे रोज असतात, उशिरा सुरू होणाऱ्याही असतात. त्या कुणाच्या ऑफच्या कोणत्या बाजूला पडतात एवढाच प्रश्न आहे. बेसच्या गावातच घर असलेल्याला उलटी मांडणी चालते, काहींना आवडतेही, कारण त्यांना मुलांच्या शाळेच्या सकाळी हव्या असतात. म्हणून सरसकट नियम मागत नाही. रोस्टरिंगच्या माहितीपत्रकात एकच रकाना वाढवा : ‘घर बेसबाहेर आहे का?’ आणि ज्यांचं उत्तर हो असेल त्यांच्यासाठी ऑफच्या आधी लवकर संपणारी, ऑफनंतर उशिरा सुरू होणारी ड्युटी हा पसंतीक्रम ठेवा. ऑप्टिमायझरला, म्हणजे रोस्टर जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला, असे पसंतीचे निकष समजतात. तुम्ही हॉटेलचा खर्च त्याला असाच समजावलेला आहे.

वैमानिकांसाठी डीजीसीएने (आपल्या नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाने) जानेवारी २०२४ मध्ये सुधारित नियम काढले आणि त्यांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली. त्या वेळी चर्चा थकव्याची होती आणि ती रास्तच होती. त्याच विमानात मागच्या गॅलीत उभं असलेलं माणूसही त्याच रात्री जागतं. आमच्यासाठीही तसं होईपर्यंत निदान आहेत ते छत्तीस तास तरी नीट जागी ठेवा.

रोस्टर बदलतं, हे आम्हाला मान्य आहे. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं, जुलैत मुंबईचा पाऊस, नागपूरला वळवलेलं विमान, ऐनवेळी आजारी पडलेला सहकारी, ड्युटीची मर्यादा ओलांडली म्हणून बदललेला क्रूचा सेट. याबद्दल कुणी तक्रार करत नाही. पण रात्री साडेनऊला येणाऱ्या मेसेजमध्ये एवढंच असतं : ‘रोस्टर बदललं आहे. पोच द्या.’ का बदललं, याचा एक शब्द नाही. पोच दिल्यावर तेच आम्ही पुढे घरी कळवायचं. तिकडे कुणीतरी शुक्रवारची रजा टाकलेली असते, सिंहगड एक्स्प्रेसचं तिकीट काढलेलं असतं, सासूबाईंना ‘येतेय’ म्हणून सांगितलेलं असतं. पहिल्यांदा रद्द झालं तर वाईट वाटतं. दुसऱ्यांदा झालं की चिडचिड. तिसऱ्यांदा मात्र काहीच होत नाही, आणि ती धोक्याची खूण आहे : समोरचं माणूस बेत करायचंच थांबतं. ‘आलीस की बघू’ असं एकदा सुरू झालं की ते परत वळवणं फार अवघड.

त्यातून आणखी एक किडा वळवळतो. कारण नसलेला बदल संशयाला जागा देतो. तिने आपणहून ड्युटी घेतली असेल का? हा खरंच स्टँडबायवर आहे का? आमचं माणूस खरं सांगत असतं, पण दाखवायला हाती काही नसतं. म्हणून मागणी साधी आहे : बदलाच्या प्रत्येक मेसेजमध्ये एका शब्दात कारण घाला. हवामान, विमान, आजारी क्रू, ड्युटी-मर्यादा, नियोजन. तुमच्या नोंदीत तो कोड असतोच. तो मेसेज जसाच्या तसा घरी पुढे पाठवता आला तर निम्मी स्पष्टीकरणं वाचतील. आणि ‘नियोजन’ हा कोड महिन्यात किती वेळा पडतो, हे तुम्हालाही मोजता येईल. युरोपात रोस्टर किमान १४ दिवस आधी जाहीर व्हावं असं नियामकाचं मार्गदर्शन आहे. आपल्याकडे १४ दिवस आधी काढलेलं रोस्टर सातव्या दिवसापर्यंत ओळखू आलं तरी पुष्कळ.

याच्या जोडीला महिन्यातून दोन दिवस ‘हात न लावण्याचे’ द्या. ते कोणते हे क्रूने आधीच्या महिन्यात सांगायचं, आणि एकदा छापले की हवामान असो वा नसो, त्या दिवशी फोन नाही. तीसमध्ये दोन. सगळ्यांनी दिवाळीतलेच दोन दिवस मागितले तर काय, असं विचाराल. सणांसाठी वेगळी विभागणी करा : गणपती किंवा दिवाळी, दोहोंपैकी एकच, आणि पुढच्या वर्षी आलटून-पालटून. कोकणातल्या घरांना गणपती हवा असतो, देशावरच्यांना दिवाळी, आणि आमच्यातल्या कितीतरी जणांना ओणम, छठ किंवा नाताळ. विचारून तर बघा, मागण्या वाटतात तितक्या एकमेकांवर आदळत नाहीत.

स्टँडबायबद्दल थोडक्यात, कारण त्याचं दुखणं तुम्हालाही ठाऊक आहे. होम स्टँडबाय म्हणजे घरी असणं नव्हे. केस बांधून, बॅग भरून, फोन हातात धरून, विमानतळापासून ठरलेल्या मिनिटांच्या आत राहायचं. पुण्याला जाता येत नाही, झोपता येत नाही, सिनेमाला बसता येत नाही. त्या वेळात जोडीदाराशी धड बोलताही येत नाही, कारण एक कान दुसऱ्या फोनकडे असतो. दुपारी तीन ते रात्री अकराचा स्टँडबाय असेल आणि त्या पाळीतलं शेवटचं विमान पूर्ण क्रूसह नऊला निघून गेलं असेल, तर पुढचे दोन तास माणूस कशासाठी अडकतं? क्रू कंट्रोलने नऊला एक ओळ टाकावी : ‘मोकळे.’ दोन तास म्हणजे शांतपणे केलेला एक पूर्ण व्हिडिओ कॉल. आम्हाला तो परवडतो, तुम्हाला फुकट आहे.

आता थोडं घरच्यांसाठीही, कारण हे पत्र तेही वाचतील आणि तुमच्याकडे ज्या तक्रारी पोचतात त्यांतल्या काहींची सुरुवात तिकडून होते.

चार सेक्टरचा, म्हणजे चार उड्डाणांचा, दिवस जवळून बघा. मुंबई–नागपूर–मुंबई–गोवा–मुंबई. अडीचला उठणं, पावणेचारला पिकअप, पावणेपाचला रिपोर्टिंग, ब्रीफिंग, पावणेसहाला चॉक्स ऑफ, म्हणजे विमान जागेवरून हलतं. सव्वासातला नागपूर. घरी ॲपवर विमान ‘लँडेड’ दिसतं आणि फोन वाजायला लागतो. ‘लँडेड’ म्हणजे चाकं टेकली, एवढंच. गेटवर यायला पाच-सात मिनिटं, प्रवासी उतरायला आठ-दहा. व्हीलचेअरचे प्रवासी सगळ्यांत शेवटी उतरतात, आणि प्रवासी आत असेपर्यंत क्रूने दारं सोडायची नसतात. दर ५० आसनांमागे किमान एक क्रू हा नियम. १८० आसनांच्या ए३२० वर चार जण. जास्तीचं माणूस नसतंच, की एकाने फोन घ्यावा आणि बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं. मग सीटच्या खिशांपासून वरच्या कप्प्यांपर्यंत तपासणी, टॉयलेट, लाइफ जॅकेट, कचरा, नवीन जेवणाची मोजणी, आणि लगेच बोर्डिंग. पस्तीस मिनिटांच्या टर्नअराउंडमध्ये (विमान येऊन पुन्हा निघेपर्यंतच्या वेळात) स्वतःसाठी तीन मिनिटं मिळाली तर मिळाली, आणि ती पाणी पिण्यात किंवा उभ्याने दोन घास खाण्यात जातात. अशी वेळ तीनदा येते. शेवटची सुटका पावणेदोनला. तोपर्यंत घरून अकरा मिस्ड कॉल आलेले असतात, आणि त्या अकरांना उत्तर देण्याच्या मनःस्थितीत कुणीच नसतं.

यावर उपाय एकच चालतो : पिकअपच्या गाडीतून एक मेसेज, ठरलेल्या साच्यात. आज कोणते सेक्टर, शेवटची सुटका अंदाजे किती वाजता, आणि बोलणं कधी. ‘नागपूर, गोवा. दोनपर्यंत सुटका. झोपून उठल्यावर साडेसहाला फोन.’ मग दिवसभर शांतता असली तरी तिचा अर्थ दोघांना माहीत असतो. ‘लँडेड’नंतर पाऊण तास फोन करू नये, आणि विमान उशिरा दिसलं की पहिला तर्क उशिराचाच करावा, अपघाताचा नाही. आईवडिलांना हे सांगायला लागतं. एकदा सांगून पुरत नाही.

रात्रीच्या ड्युटीनंतर मोठे विषय काढू नयेत. घर घ्यायचं का, मूल कधी, तुझी आई असं का म्हणाली. सलग सतरा-एकोणीस तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहून खाली घसरते, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. सकाळी नऊला उठून रात्रीचं दिल्ली करून पहाटे पाचला उतरलेली व्यक्ती वीस तास जागी असते. आपण ब्रेथ ॲनलायझरमध्ये फुंकल्याशिवाय कुणाला विमानात चढू देत नाही. त्याच अवस्थेतल्या माणसाबरोबर लग्नाचा निर्णय मात्र फोनवर घेतला जातो. आठ तास झोप आणि एक चहा, त्यानंतर काय ते बोला.

लाँग हॉलवाल्यांची, म्हणजे लांब पल्ल्याच्या उड्डाणांवर असणाऱ्यांची, गोष्ट घड्याळाची आहे. लंडनला हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेचारचा. सकाळी सातला उतरून तिकडे दुपारी एकपर्यंत झोपलं, तर दोन ते पाच ही खिडकी मिळते. हिवाळ्यात ती आपल्याकडे संध्याकाळी साडेसात ते साडेदहा असते, म्हणजे उत्तम. सॅन फ्रान्सिस्कोला फरक साडेतेरा तासांचा, उन्हाळ्यात साडेबारा. तिकडची संध्याकाळ गाठायला जाऊ नये, कारण तेव्हा इकडे ऑफिसला निघायची घाई. तिकडची सकाळ धरावी : हिवाळ्यात तिथले सात ते नऊ म्हणजे इथले रात्रीचे साडेआठ ते साडेदहा. मार्चमध्ये मात्र सांभाळा. अमेरिका घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत ‘नेहमीच्या वेळेला’ केलेला फोन एका शहरातून बरोबर लागतो आणि दुसऱ्यातून तासाने चुकतो. त्यामुळे वेळ नेहमी भारतीय घड्याळात ठरवावी. ते वर्षभर हलत नाही. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे कॉल लागत नाहीत, फक्त मेसेज जातात. तिथल्या बेसवर नव्याने गेलेल्या मराठी मुलामुलींच्या घरी पहिल्याच आठवड्यात रडारड होते ती यावरून. बॉटिम हे तिथे चालणारं कॉलचं ॲप जाण्याआधीच दोन्ही फोनवर घालून ठेवावं, आईवडिलांच्या फोनवरही. चीनमध्ये व्हॉट्सॲप उघडतच नाही, ते लेओव्हर आधी सांगून जाण्याचं.

पुन्हा तुमच्याकडे येतो. दोघंही एकाच कंपनीत क्रू असतील तर त्यांचे स्टाफ क्रमांक एकमेकांना जोडायची सोय द्या. अशी जोडणी परदेशात चालते आणि अनेक बिडिंग (ड्युटीची पसंती कळवायच्या) प्रणालींत तिची सोय असते. पण जोडणी म्हणजे दोघांना नेहमी एकत्रच उडवणं, असं समजू नका. मूल नसलेल्या जोडप्याला एकत्र ऑफ हवा असतो. घरात दोन वर्षांचं मूल असेल तर नेमकं उलटं : एक उडतंय तेव्हा दुसरं जमिनीवर हवं. म्हणून पर्याय दोन ठेवा, ‘सोबत’ आणि ‘आलटून’, आणि दर सहा महिन्यांनी बदलू द्या. ड्युटी आपापसांत बदलण्याच्या अर्जाचंही तेच. कायदेशीर मर्यादा तपासायला संगणकाला काही क्षण लागतात, तरी मंजुरीला तीन दिवस का लागतात? बारा तासांत हो किंवा नाही कळवा. ‘नाही’ सुद्धा लवकर कळलं तर त्यावर बेत बसवता येतो.

स्टाफ तिकिटांवर आईवडील आणि नवरा-बायको चालतात. साखरपुडा झालेला माणूस बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि लग्नाआधीची दोन-तीन वर्षं हीच खरी परीक्षेची असतात. नोंदणीकृत एक सोबती, वर्षातून एकदाच बदलता येईल असा, एवढी मुभा द्या. सबलो तिकिटाचा, म्हणजे विमानात जागा उरली तरच चढू देणाऱ्या स्टाफ तिकिटाचा, भरवसा किती, हे आम्ही जाणतो. नव्यांनी ध्यानात घ्यावं : शुक्रवारी संध्याकाळी आणि सोमवारी सकाळी मुंबई-दिल्लीवर सबलोने जायचा विचारही करू नये, निघण्याआधी लोड (किती जागा भरल्या ते) बघावा, सामान फक्त हातात घ्यावं, आणि ड्युटीच्या आदल्या दिवशीच्या शेवटच्या विमानावर कधीच विसंबू नये. त्या विमानामागे आणखी दोन विमानं शिल्लक हवीत. सबलोवर अडकून रिपोर्टिंग चुकलं तर त्यावर पडणारा शेरा नोकरीला चिकटतो, आणि पुढच्या भेटीच्या वेळी दोघांच्याही मनात तो शेरा असतो.

शेवटचा विषय नवा आहे. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली. मुंबई बेसचा क्रू आजवर मरोळ, चकाला, साकीनाका याच पट्ट्यात खोल्या घेऊन राहिला, कारण पिकअप तिथे होतं. आता दोन विमानतळांवर ड्युटी वाटताना निव्वळ सीनियॉरिटी आणि उपलब्धता पाहू नका. ज्यांचं घर पनवेल, खारघर, लोणावळा किंवा पुण्याच्या बाजूला आहे त्यांना आधी विचारा. पुण्याहून येणाऱ्याला पनवेलच्या पुढची मुंबईची सगळी गर्दी टळते. वर काढलेल्या हिशेबातले साडेसात ते दहाचे अडीच तास त्यामुळे वाढतात. उलट अंधेरीत खोली असलेल्याला पहाटेच्या रिपोर्टिंगसाठी उलव्याला, या नव्या विमानतळावर, नेलं तर त्याची झोपच कापली जाते. एकाच पेअरिंगची सुरुवात एका विमानतळावर आणि शेवट दुसऱ्यावर, असले प्रयोग तर कृपा करून नकोच.

बेस-बदलीची यादीही याच विषयाबरोबर घ्या. कोलकात्यात तीन वर्षं वाट बघणाऱ्या नागपूरच्या मुलीला आपण यादीत कितव्या आहोत एवढं कळलं, तरी ती घरी काही सांगू शकेल. आज ‘अर्ज विचाराधीन’ एवढंच दिसतं. आकडा दाखवा. तो बावन्न असला तरी चालेल.

यातल्या कोणत्या गोष्टी लगेच होतील हे तुम्ही आमच्याहून नीट जाणता. स्थानिक वेळ आणि पिकअपचा रकाना, बदलाचं कारण, स्टँडबायची ‘मोकळे’ ही ओळ, यादीतला क्रमांक : या चारही गोष्टी पुढच्या रोस्टरपासून सुरू करता येतील. ऑफच्या दोन्ही बाजूंच्या ड्युट्यांची मांडणी आणि हात न लावण्याचे दोन दिवस यांसाठी एका बेसवर तीन महिने करून बघा. आमच्यातले बेसबाहेर घर असलेले क्रू त्यासाठी नावं द्यायला तयार आहेत. बैठक घ्यायची झाली तर दुपारी घ्या, तेव्हा पहाटेचे परत आलेले असतात आणि रात्रीचे निघालेले नसतात. आणि तारीख-वेळ कळवाल ती भारतीय वेळेत कळवा.

आपले,
बेसपासून दूर घर असलेले काही केबिन क्रू